पन्नास हर्ट्झचा बांध

हौशी रेडिओचा परवाना काढायचा तर आपण सरळमार्गी माणूस आहोत असं पोलिसांकडून लिहून यावं लागतं. आणि धनश्रीच्या वडिलांवर एक केस चालू होती. बांधाची.

तसा निमोण्यात बांधाची केस नसलेला खातेदार शोधूनही सापडायचा नाही. पण चौकशीला आलेल्या हवालदारांनी "एखादा गुन्हा, तक्रार वगैरे?" असं नुसतं रीतीप्रमाणं विचारलं, आणि बापूसाहेबांनी आतून फायलींचा गठ्ठाच आणून त्यांच्या मांडीवर ठेवला. चुलतभावानं सन चौऱ्याण्णव साली बांध कसा कोरला, पहिली मोजणी कशी झाली, दुसरी कशी फिरली, हे नकाशासकट सांगायला त्यांना दोन तास लागले. हवालदारांचा चहा तीनदा झाला. जाताना ते एवढंच म्हणाले, "दिवाणी हाय बापूसाहेब, त्याचं काय न्हाई. पर वायरलेस कशापायी? आमच्या गाडीतला बी धड लागत न्हाई."

"लेकीचा हट्ट," बापूसाहेब म्हणाले.

हट्ट हा शब्द धनश्रीला मान्य नव्हता. ती दौंडच्या ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवायची. हट्ट तिच्या चार वर्षांच्या ईश्वरीचा असायचा. तिची असायची ती खबरदारी. उन्हाळ्यात धनश्री सीईटीचे वर्ग घ्यायची, नवरा विक्रम रेल्वेच्या सिग्नल खात्यात पाळ्या करायचा, म्हणून ईश्वरी निमोण्याला आजोळी जायची. मागच्या उन्हाळ्यात एकदा फोनवर धनश्रीची आई, अनिताबाई, म्हणाली, "पोरीचं अंग जरा कोमट लागतंय गं," आणि तेवढ्यात निमोण्याची वीज गेली, विजेमागं मोबाइलचा टॉवर गेला, आणि टॉवरमागं धनश्रीचा धीर. अकरा तास फोन लागला नाही. त्या अकरा तासांत तिनं तापाच्या जितक्या प्रकारांची मनाशी उजळणी केली तितके डॉक्टरी शिकणाऱ्यांचेही अख्ख्या वर्षात होत नसतील. शेवटी एसटीनं न्हावऱ्याला उतरून, वडापच्या जीपला लोंबकळून ती निमोण्यात पोचली, तेव्हा ईश्वरी हौदात डुंबत आंबा खात होती. "तू का आलीस?" तिनं विचारलं. प्रश्न रास्त होता. म्हणूनच तो धनश्रीला फार लागला.

त्या दिवशी तिनं घरात जाहीर केलं की दौंड आणि निमोणे यांच्यामध्ये कुठल्याही टॉवरची मिजास न सांभाळता निरोप जाईल अशी काहीतरी सोय झाली पाहिजे. नाहीतर पुढच्या उन्हाळ्यात ईश्वरी निमोण्याला येणार नाही. बापूसाहेब विकास सोसायटीचे चेअरमन. ठराव मांडून पाडण्यात त्यांचा हात धरणारा अख्ख्या शिरूर तालुक्यात नव्हता. पण हा ठराव त्यांना पाडता येईना. वर्षातले दहा महिने ते त्या नातीच्या दोन महिन्यांवर काढत. "काय लागंल ते करू," ते म्हणाले.

काय लागतं ते सांगणारा माणूस दौंडातच, रेल्वे कॉलनीच्या पलीकडं राहत होता. सर्जेराव आप्पा. रेल्वेच्या तारऑफिसातून निवृत्त, वय शहात्तर. दर रविवारी सकाळी सात वाजता ते रेडिओवर एक मेळा भरवत. आसपासच्या चार-पाच जिल्ह्यांतली तीसेक हौशी मंडळी आपापल्या घरून रेडिओवरच्या एकाच जागी, म्हणजे एकाच फ्रिक्वेन्सीवर, येऊन "आवाज कसा येतोय" असं एकमेकांना विचारत, आणि ठीक येतोय असं कळलं की बंद करून नाष्ट्याला जात. धनश्रीला आधी हे अगम्य वाटलं. नंतर आप्पांनी नियमावली काढून वाचून दाखवली. त्यात म्हटलं होतं की हौशी रेडिओवर तांत्रिक चाचण्यांबद्दल बोलावं, किंवा मग असं खासगी काहीतरी, जे तार-टेलिफोननं कळवण्याइतकं महत्त्वाचं नाही.

"म्हणजे बिनमहत्त्वाचंच बोलायचं?" धनश्रीनं विचारलं.

"कायद्यानं."

"मुलीला ताप आहे की नाही, हे चालेल का?"

आप्पांनी चष्मा काढून बराच विचार केला. "नसला तर चालेल. असला तर ते महत्त्वाचं होतं. मात्र आपत्ती असली, बाकी सगळी साधनं बंद पडली, तर गोष्ट वेगळी. तेव्हा सरकारच आपल्याला बोलवतं."

धनश्रीला भरून आलं. क्षुल्लक गोष्टींसाठी सरकारनं आकाशातली एक पट्टी राखून ठेवली आहे आणि इतकी वर्षं आपल्याला पत्ताच नाही! तिच्या आयुष्यातल्या बहुतेक काळज्या त्या पट्टीत अगदी नियमाप्रमाणं बसत होत्या.

खरी अडचण पुढं होती. दोन्ही टोकांना परवानाधारक माणूस लागतो. दौंडला तिनं परवाना काढायचा ठरला, निमोण्याला बापूसाहेबांनी. म्हणून मग एका रविवारी मेळा संपल्यावर त्या दोघांना आप्पांच्या ओसरीवर शिकवणी लागली, आणि पहिल्याच दिवशी वादाला तोंड फुटलं.

धनश्रीचं म्हणणं होतं की दौंडला डोक्यावरून रेल्वेची पंचवीस हजार व्होल्टची तार गेलीय. रेडिओत नुसता गिरणीसारखा घरघराट येतो, त्यात छोट्या सेटवरचं बोलणं बुडून जाईल. त्याऐवजी डिजिटल मोड वापरावा. आपण कॉम्प्युटरवर टाइप करायचं, तो त्याचे बारीक सूर करून पाठवतो, आणि पलीकडचा कॉम्प्युटर घरघराटाच्या तळातून ते सूर वेचून पुन्हा अक्षरं करतो. माणसाच्या बोलण्याला तीन हजार हर्ट्झ रुंदीची जागा लागते. याला पन्नास पुरतात.

आप्पांनी चहाचा कप खाली ठेवला. "यंत्र यंत्राशी बोलतं आणि माणूस शेजारी बसून चहा पितो. त्याला तुम्ही रेडिओ म्हणता? मी अडतीस वर्षं कानानं तार घेतली. पलीकडं मनमाडचा बाबू आज जेवलाय की उपाशी आहे, हे मला त्याच्या हातावरून कळायचं."

मेळ्यातही या प्रश्नावर दोन तट होते. एक तट म्हणे की डिजिटल अरुंद आहे, त्यानं दाटीवाटीतही सगळ्यांची सोय होते. दुसरा म्हणे की सगळेच मोड कुठं अरुंद आहेत, काही तर बोलण्याइतकेच ऐसपैस पसरतात आणि मोर्सवाल्यांना पार तुडवून जातात. रुंदीला सरकारनंच मर्यादा घालावी. पहिला तट म्हणे, मर्यादा घातली तर नवं काही निघणारच नाही. त्यात कुठल्या परवान्याला कुठला मोड चालतो हे सांगणारा नियमावलीतला तक्ता अक्षरं-आकड्यांच्या खुणांनी लिहिलेला. हे मोड तक्त्यानंतर जन्माला आलेले. खालच्या वर्गाच्या परवान्यात ते बसतात का, यावर चार जाणत्यांचे पाच अर्थ निघत. आणि हे सगळे एकमेकांचा आवाज ठीक येतोय ना, याची खात्री करून मग भांडत.

बापूसाहेब इतका वेळ गप्प होते. ही त्यांच्या हयातीतली दुर्मीळ घटना. मग म्हणाले, "थांबा. ही पट्टी म्हणताय ती हाय केवढी?"

"सात हजारपासून सात हजार दोनशे किलोहर्ट्झ," आप्पा म्हणाले.

"खातेदार किती?"

"अख्ख्या जगातले."

"आन् बोलणाऱ्याला तीन किलो, कॉम्प्युटरवाल्याला पन्नास हर्ट्झ." बापूसाहेबांनी डोळे मिटले. "म्हंजी बोलणारा एक एकर अडवतो आसं धरलं, तर ह्यो पाऊण गुंठ्यात बी भागवतो. आन् आपल्या तुकड्याच्या भाईर जायचं न्हाई, शेजाऱ्याचा बांध कोरायचा न्हाई. येवढंच ना?"

"एवढंच," धनश्री म्हणाली.

"मंग येवढं जाडजूड पुस्तक कशाला काढलं?"

धनश्री वडिलांकडं बघतच राहिली. हीच गोष्ट बारावीच्या मुलांना समजावताना तिचे दोन तास जात, आणि तिसऱ्या तासाला कुणीतरी विचारी, "मॅडम, हे परीक्षेला आहे का?"

"वरच्या वर्गाचाच परवाना काढा, म्हणजे शंका नको," आप्पांनी निवाडा दिला. "पण त्याला मोर्स लागतं." हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान उमटलं ते लपवायचा त्यांनी अजिबात प्रयत्न केला नाही.

पुढचे चार महिने निमोण्याच्या त्या घरात टकटक चालू होती. बापूसाहेब ताटावर चमचा वाजवत, मोटारीच्या पेटीवर किल्ली वाजवत, सोसायटीच्या सभेत विरोधक बोलत असताना टेबलावर बोटं वाजवत. विरोधकांना वाटे, चेअरमन अस्वस्थ झाले. प्रत्यक्षात ते विरोधकाचं नाव मोर्समध्ये घोकत असत. परीक्षेत दोघंही पास झाले. परवान्याचा कागद आला, त्यावर व्ही-यू-टू आणि पुढं तीन अक्षरं अशी खूण. लोक ट्रॅक्टरवर जिथं आईवडिलांची कृपा लिहितात तिथं बापूसाहेबांनी ती खूण पिवळ्या ऑइलपेंटनं रंगवून घेतली.

आता राहिली अँटेना, म्हणजे साधी तार. निमोण्यात ती कडुनिंबापासून गोठ्यापर्यंत अर्ध्या तासात बांधून झाली. दौंडला दोन महिने लागले. क्वार्टर रेल्वेचं, गच्ची रेल्वेची. गच्चीवर खांब उभा करायला परवानगी मागितली, तर हे काम बांधकामवाल्यांचं, की वीजवाल्यांचं, की दूरसंचारवाल्यांचं, यावर अर्ज तीन टेबलं फिरला आणि चौथ्या टेबलानं तो माहितीसाठी विक्रमकडंच पाठवला. तोवर कॉलनीत बातमी फुटली होती. खालच्या सविताताईंना टॉवरच्या लहरींनी डोकेदुखी सुरू झाली.

"ताई, अजून खांबसुद्धा आलेला नाही," धनश्री म्हणाली.

"तेच म्हणते मी. नसताना एवढं, तर आल्यावर काय होईल?"

शेवटी तार मागच्या अंगणात पेरूच्या झाडापासून न्हाणीघराच्या भिंतीपर्यंत, जेमतेम हात वर केला की लागेल इतकी खाली बांधली. येणारा-जाणारा उंचीवरून सल्ला द्यायचा. टीव्हीची कशी उंच असते बघा, मोबाइलची बघा. धनश्रीला रडू कोसळायचं बाकी राहिलं. तिनं आप्पांना बोलावलं. आप्पांनी तारेखाली उभं राहून वर पाहिलं आणि म्हणाले, "निमोण्याला बोलायचंय ना? मग हीच पाहिजे. उंच तार आवाज लांब फेकते, तो निमोण्याच्या डोक्यावरून जपानला जातो. बुटकी तार आवाज सरळ वर सोडते. अडीच-तीनशे किलोमीटर वर हवेचा एक थर आहे, त्याला लागून तो छत्रीसारखा सगळीकडं खाली येतो."

"निमोणं चाळीस किलोमीटरवर आहे. त्यासाठी तीनशे किलोमीटर वर?"

"आणि तितकंच खाली. वेळ किती लागतो माहितीये? डोळ्याची पापणी लवायच्या आत शंभरदा जाऊन येईल."

हे तिनं पुस्तकात वाचलेलं होतं, फळ्यावर आकृती काढून शिकवलेलंही होतं. पण पेरूच्या झाडाखाली उभं राहून त्या निळ्या रिकाम्या आभाळाकडं पाहताना तिच्या अंगावर काटा आला. न्हाणीघराच्या भिंतीला खिळा ठोकला म्हणजे आभाळाला हात लागतो, हे कुठल्याही आकृतीत नव्हतं.

ईश्वरीला निमोण्याला धाडायला एक आठवडा उरला होता, तेव्हा रविवारी सकाळी सव्वासात वाजता आप्पांचा फोन आला. "धनश्रीबाई, सेट लावा. मेळ्याच्या जागेवर कुणीतरी पिपाणी गिळलीय."

तिनं लावला. खरंच, कर्कश लहरता सूर, पाव मिनिट चालू, पाव मिनिट बंद. त्याच्याखाली मेळ्यातली माणसं विहिरीत पडल्यासारखी ओरडत होती. तिनं कॉम्प्युटर जोडला, त्या सुरांची अक्षरं केली, आणि स्क्रीनवर जी खूण उमटली ती तिच्या माहेरच्या ट्रॅक्टरवर पिवळ्या ऑइलपेंटनं लिहिलेली होती.

तिनं वडिलांना फोन लावला. "दादा, काय करताय तुम्ही?"

"मी? शिरूरला हाय. कारखान्याच्या मीटिंगला चाललोय."

"मग रेडिओ कोण चालवतंय?"

"चालूच हाय की त्यो. सोमवारपास्नं."

"कशासाठी?"

"वहिवाटीला." बापूसाहेबांचा सूर असा की एवढंही कळत नाही का. "सगळे डिजिटलवाले एकाच एजमाली जागंत दाटी करून बसल्यात. म्या म्हणलं, आपल्याला नको ती भानगड. सहा दिस नजर ठिवली, एक तुकडा पडीक दिसला. तिथं बसलो. बारा वर्सं सलग वहिवाट दाखवली की कब्जा आपला. सुरवात करायला नको का?"

"दादा, ती मेळ्याची जागा आहे! रविवारी सात वाजता तिथं तीस माणसं येतात!"

"मंग बाकीचं सहा दिस पडीक कशाला टाकली?"

धनश्रीनं डोक्याला हात लावला. तिनं त्यांना आयनांचे थर समजावले होते, विजेची खबरदारी समजावली होती. आकाशाचा सातबारा निघत नाही, हे समजावायचं असतं हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं.

आप्पांनी त्याच दिवशी दिल्लीला पाठवायची तक्रार लिहून काढली. निळ्या शाईत, इंग्रजीत, वळणदार अक्षरात. सेट सोडून निघून जाणं, दुसऱ्यांच्या बोलण्यावर चढणं, जरुरीपेक्षा जास्त जागा अडवणं: तिन्ही गुन्हे खरे होते. "मला तुमच्याबद्दल काही नाही," ते धनश्रीला म्हणाले, "पण याला आळा घातला नाही तर उद्या हे लोण सगळीकडं पसरेल. मी आधीच सांगत होतो, डिजिटल म्हणजे अतिक्रमण." परवाना गेला तर निमोणे गेलं, आणि निमोणे गेलं तर ईश्वरी दोन महिने कॉलनीच्या कुलूपबंद क्वार्टरमध्ये खिडकीशी बसणार. धनश्रीनं हात जोडले. "आप्पा, पाकीट टाकण्याआधी एकदा निमोण्याला चला. तुम्ही स्वतः बघा आणि मग ठरवा."

बुधवारी तिन्हीसांजेच्या आधी ती आप्पांना घेऊन पोचली. बापूसाहेबांनी सेट बंद केला होता, पण माघार घेतली नव्हती. फेटा बांधून ओट्यावर बसले होते. शेजारच्या सरूबाई आधीच हजर. "धने, बरं झालं आलीस," त्या म्हणाल्या. "सा दिस आमच्या देवळाच्या भोंग्यातून आपोआप सूर येत हुता बघ. थांबायचा, यायचा, थांबायचा, यायचा. पुजारी म्हणला, देव शीळ घालतोय. नारळ फोडलं की लोकांनी. आता बंद झाला, तर समद्यांस्नी चुकल्याचुकल्यावानी होतंय."

आप्पांनी डोळे मिटून घेतले.

"आप्पासाहेब," बापूसाहेब म्हणाले, "तुम्ही म्हणताय म्या तुमचा बांध कोरला. म्या म्हणतो, म्या माझ्या पन्नास हर्ट्झात हुतो. तोंडी काय खरं? मोजणी आणा."

"मोजणीच आणलीय," धनश्री म्हणाली.

तिनं गोठ्याच्या पत्र्याखाली बाजेवर लॅपटॉप ठेवला, त्याला करंगळीएवढा रिसीव्हर लावला, आणि वडिलांना आत जाऊन सोमवारसारखंच पाठवायला सांगितलं. स्क्रीनवर काळोखी पट्टी वरून खाली हळूहळू सरकत होती. त्यात जिथं कुणी सूर लावील तिथं पिवळी रेघ उमटते. आत बापूसाहेबांनी बटण दाबलं. स्क्रीन या कडेपासून त्या कडेपर्यंत पिवळाधमक झाला. हळदीत बुडवल्यासारखा.

"आवाजाची खुंटी कुठं ठेवलीय दादा?"

"शेवटाला. खणखणीत नको का जायला?"

"तिथंच चुकलं. खुंटी शेवटाला नेली की सूर फाटतो आणि दोन्ही अंगांनी पसरतो. तुमचा तुकडा पन्नासचा. हे बघा, तुम्ही तीन हजार अडवलेत."

बापूसाहेब बाहेर आले. त्यांनी वाकून पाहिलं. मोजणीचा नकाशा पाहायची सवय असलेला माणूस. त्याला कड कुठं आणि खूण कुठं हे सांगावं लागत नाही. मग धनश्रीनं स्क्रीन डिजिटलवाल्यांच्या त्या एजमाली जागेवर नेला. सूर्य कलला होता. अशा वेळी लांबचे आवाज यायला लागतात. काळोख्या पट्टीवर बारीक बारीक रेघा उतरू लागल्या, एकीशेजारी एक, पेरणी झालेल्या रानातल्या सरींसारख्या. कुठं दोन रेघा एकमेकींवर चढत, आणि पाव मिनिटानं त्यातली एक सरकून बाजूला जागा धरी.

"ह्यो कोण?" बापूसाहेबांनी बोट ठेवलं.

"जावा बेटावरचा."

"आन् ह्यो?"

"जपान. हा कझाकस्तान. ही पुसट आहे ना, ही इटली."

बापूसाहेब बोटानं मोजत गेले. एका माणसाच्या बोलण्याएवढ्या जागेत सत्तावीस रेघा भरल्या. "ह्यांची मोजणी कोण करतं?"

"कुणी नाही."

"दगड? खुणा?"

"काही नाही."

"मंग भांडणं?"

"होतात की," हे आप्पा म्हणाले. त्यांनी रेघा कधी पाहिल्याच नव्हत्या. सगळा जन्म कानात गेला होता. तेही बाजेच्या कडेला टेकले. "भांडणं खूप होतात. मीच करतो. पण रोज सकाळी सेट लावावा तर माणसं आपापल्या जागेवर असतात."

म्हैस दावं ओढत होती. बापूसाहेब उठून आत गेले आणि बटण दाबलं, तसा धनश्रीनं स्क्रीन पुन्हा त्यांच्या तुकड्यावर आणला. खुंटी मागं फिरवत गेले तशी बाहेर हळद आटत आली. आधी हातभर, मग बोटभर, आणि शेवटी एकच रेघ उरली, केसासारखी. "येवढीच?" आतून आवाज आला.

"एवढीच पुरते, दादा."

ते बाहेर येऊन त्या रेघेकडं बराच वेळ बघत राहिले. मग फेटा काढून बाजेवर ठेवला. "आप्पासाहेब, कोरला म्या. बांध."

चुलीपाशी अनिताबाईंच्या हातातली पळी थांबली. चौऱ्याण्णव सालापासून कोर्टात, पंचांपुढं, पोलिसांपुढं हे वाक्य या घरात कुणी ऐकलेलं नव्हतं. आप्पांनी खिशातलं पाकीट काढलं, त्याच्या चार घड्यांच्या आठ घड्या केल्या आणि पुन्हा खिशात घातलं. "जेवायला काय आहे?" त्यांनी विचारलं.

शनिवारी ईश्वरी निमोण्याला गेली. सोमवारी सकाळी अनिताबाईंचा फोन आला. "काल हौदात लई वेळ हुती. अंग जरा कोमट लागतंय. थांब, मापून सांग—"

फोन मेला. नुसता निमोण्याचाच नाही. न्हावऱ्याकडं रस्ता रुंद करताना जेसीबीनं जमिनीतली केबल तोडली होती, आणि अर्ध्या तालुक्याचे फोन गेले होते. धनश्रीनं पिशवीत टॉवेल, पॅरासिटामॉल, थर्मामीटर भरलं. अकराची एसटी होती. तेवढ्यात दारात आप्पा. त्यांच्या भागातलेही फोन बंद होते. "पिशवी राहू द्या," ते म्हणाले, "आधी सेट."

पहिल्यांदा बोलून पाहिलं. बापूसाहेब तिकडं ट्रॅक्टरच्या बॅटरीवर सेट लावून बसलेले असणार, कारण घरघराटाच्या तळाशी कुणीतरी बोलत होतं एवढं खरं. पण शब्द कळेना. गाडी फलाटावरून निघाली की तेवढंही बुडत होतं. "ताप" म्हणाले का "आता" म्हणाले? धनश्रीनं कानावरचा हेडफोन दाबून धरला.

मग ती कॉम्प्युटरकडं वळली. या मोडमध्ये एका खेपेला तेराच अक्षरं जातात. मोकळ्या जागासुद्धा त्यातच धरायच्या. आयुष्यात तिनं तेरा अक्षरांत कधी काळजी केली नव्हती. रोमन लिपीत तिनं टाइप केलं: ताप किती आहे. बटण दाबलं. पाव मिनिट सूर गेले. न्हाणीघराच्या भिंतीपासून सरळ वर. मग पाव मिनिट वाट पाहायची. काही नाही. पुन्हा पाठवलं. बाहेर एसटीची वेळ जवळ येत होती. पुन्हा पाठवलं.

आप्पांनी हेडफोन मागून घेतला आणि कानाला लावला. अडतीस वर्षं त्या कानांनी तारेतून मनमाडच्या बाबूची भूक ऐकली होती. त्यांनी डोळे मिटले, मान तिरकी केली, श्वास धरला.

"काहीच नाही," ते म्हणाले. "कुणीही नाही तिथं."

स्क्रीनवर काळोखात एक रेघ उतरत होती. इतकी पुसट, की नजर हलली तर हरवावी. धनश्री हललीच नाही. पाव मिनिट संपलं, आणि खालच्या ओळीत अक्षरं उमटली: ९८ खेळते आहे. रोमन लिपीत, मोकळ्या जागा धरून, बरोबर तेरा. तास-दीड तासाखाली भाषण न आवरणाऱ्या माणसानं ती बोटं मोजून जुळवली होती.

पिशवी मांडीवरून खाली घसरली. थर्मामीटर फरशीवर वाजलं. तिनं पाहिलं नाही.

आप्पांनी हेडफोन हळूच काढून टेबलावर ठेवला. पुढं झुकून ती ओळ वाचली. पुन्हा वाचली. हेडफोन उचलून परत कानाला लावून पाहिला. घरघराटाशिवाय काही नव्हतं. त्यांनी खिडकीतून वर, उन्हानं पांढऱ्या झालेल्या आभाळाकडं पाहिलं आणि मग पुन्हा स्क्रीनकडं.

"धनश्रीबाई," ते अगदी हळू म्हणाले, "बापूसाहेबांना म्हणावं, अजून एकदा पाठवा."

विचारायचं काही कारण उरलं नव्हतं. तिनं टाइप केलं. आणि मग दोघंही खुर्च्या पुढं ओढून, हात मांडीवर ठेवून, पाव मिनिट संपायची वाट पाहत बसले.